सायकलीच्या सवालांवर जावईबापूंनी केलेल्या स्वारीची हकीकत

सकळ सुज्ञ वाचक मंडळींचे सेवेसी विनंती ऐसी जे, मुलूख जिंकणारांच्या हकीकती थोर थोर लेखणीबहाद्दरांनी लिहोन ठेविल्या, कोणी किल्ला कैसा सर केला, कोणी भर पुरात नदी कैसी ओलांडिली, कोणाचा हत्ती ऐन रणात कैसा बिथरला आणि आपल्याच फौजेवर कैसा उलटला, हे सर्व दप्तरी नमूद आहे. परंतु लिफ्टदुरुस्तीच्या कामावरील एका गृहस्थाने, थंडगार खोलीत, टेबलाच्या अलीकडील खुर्चीवर बसोन, पलीकडील खुर्चीवरील बाईसाहेबांनी इंग्रजी जबानीत टाकलेल्या सायकलविषयक सवालांचा मारा कैसा सोसला आणि परतविला, याची दाद आजवर कोणी घेतली नाही. ती उणीव भरोन काढावी म्हणोन हा मजकूर लिहिला आहे. पदरचे काही घातले नाही.

तरी प्रथम वीराची ओळख. शहरातील उंच उंच इमारतींच्या लिफ्टा ज्यांच्या हुकमतीत होत्या ते हे जावईबापू. अधांतरी अडकलेली माणसे आतून दार बडवीत, देवाचा धावा करीत, एकमेकांस दोष देत, आणि मग वरील अंधारातून जावईबापूंचा संथ आवाज येई, “घाबरू नका, आलो.” एवढ्याने आतील हलकल्लोळ शांत होई. ऐसा हा धीराचा पुरुष. परंतु इंग्रजी बोलणे समोर उभे ठाकले की त्यांच्या जिभेस कुलूप पडे आणि किल्ली कोणाजवळ आहे हे कोणास ठाऊक नसे.

जावईबापूंचे कुटुंब रुग्णालयात परिचारिका. त्यांची कीर्ती सातासमुद्रापार जाऊन तेथील एका मोठ्या इस्पितळाने त्यांस आदराने बोलावोन घेतले, आणि त्या छकुलीस, म्हणजे एकुलत्या एक लेकीस, संगे घेवोन गेल्या. मागाहून जावईबापूंनी यावे ऐसी मसलत होती. परंतु त्या मुलखाच्या सरकारचे फर्मान ऐसे जे, मागाहून येणाऱ्या नवऱ्याने आधी इंग्रजी बोलोन दाखवावे, मग उंबरठा ओलांडावा. येणेकरोन जावईबापू अलीकडे राहिले, आणि त्यांजसंगे सासूबाईसाहेब राहिल्या. घर सासूबाईसाहेबांचे. लेक गेली, नात गेली, आणि जावई तेवढा घरात उरला. दोघांनी समोरासमोर बसोन जेवावे आणि मीठ जास्त झाले की कमी, याखेरीज विषय निघू नये, ऐसा तो काळ होता.

जावईबापूंची पहिली स्वारी फसली होती. त्या वेळी त्यांनी ‘माझा आवडता प्राणी’ या विषयाची कडेकोट तयारी केली होती आणि परीक्षकाने पुसले शेजाऱ्याविषयी. घोकलेले तोफगोळे वाया जावो नयेत म्हणोन जावईबापूंनी ते शेजाऱ्यावरच डागले, आणि आमचा शेजारी चतुष्पाद असोन फार इमानी आहे, अनोळखी मनुष्य दिसताच तो भुंकतो, ऐसे बेधडक सांगोन आले. शिकस्त जाहली. कुटुंबास फोनवर त्यांनी एवढेच कळविले की हवा प्रतिकूल होती.

मग एके सायंकाळी ती गोष्ट घडली. फोनवर छकुली आली. तिचा गुडघा सोलवटलेला, डोळे भरलेले, आणि ती आता इंग्रजीतच रडे. ती बापास म्हणाली की ती बाईकवरून फेल जाहली. जावईबापूंचे काळीज हलले, आणि त्यांनी तत्काळ समजूत घातली, “अगं मग काय झालं? बाबा पण फेल झाला होता. पुढच्या वेळी पास होशील.” पोर रडायची थांबोन बापाकडे पाहात राहिली. तेव्हां मागून कुटुंबाचा आवाज आला, “अहो, पडली ती. सायकलवरून पडली.” येथे ध्यानी घ्यावे जे, पडणे आणि नापास होणे हे दोन शब्द इंग्रजीत निरनिराळे, परंतु आपल्या लिपीत लिहू जाता दोहोंचे रूप एकच, फेल, आणि जावईबापूंचा कानही आपल्या लिपीचाच होता. मग आई मध्ये दुभाषी बसली, लेकीचे म्हणणे बापास सांगे, बापाचे लेकीस सांगे. मग फोन ठेविला. सासूबाईसाहेबांनी ताटे मांडली, आणि त्या दिवशी मिठाचाही विषय निघाला नाही.

दुसऱ्याच दिवशी जावईबापूंनी क्लासाधिपती सरसाहेबांकडे कूच केले. सरसाहेबांचा दरबार मोबाईलदुरुस्तीच्या दुकानावरील माडीवर भरे. भिंतीवर फत्ते पावलेल्या शिष्यांच्या तसबिरी, छताला एकच पंखा, तोही सरसाहेबांच्याच दिशेने. सरसाहेबांची युद्धनीती ऐसी की, शिपायाने विचार करो नये. त्यांचे आज्ञापत्र फळ्यावर सदैव लिहिलेले असे, विचार केला की मार्क गेले. परीक्षा देवोन बाहेर पडणाऱ्यांस ते कोपऱ्यावर गाठीत, गोड बोलोन बातमी काढीत, आणि त्यांच्या जासुदीस यंदा ऐसी पक्की खबर लागली होती की या हंगामात सायकलीचेच सवाल पडतात. लहानपणी सायकल होती काय, तुमच्या भागात लोक सायकल चालवितात काय, सायकलीस पुढे भवितव्य आहे काय.

सरसाहेबांनी एकच उत्तर ओतोन तयार केले आणि सर्व फौजेस वाटले. लहानपणी मजपाशी एक लाल सायकल होती, ती माझ्या लाडक्या आजोबांनी मला वाढदिवसास दिली, ती मिळताच मी हर्षाने, इंग्रजी म्हणीप्रमाणे, चंद्रापलीकडे गेलो, ऐसा तो मजकूर. “चंद्र विसरू नका,” सरसाहेबांचा हुकूम जाहला, “चंद्राला मार्क आहेत.” मग त्या माडीवर पोक्त गृहस्थ, नवपरिणीत वधू, दोन भाऊ आणि एक निवृत्त सर्वेक्षक, सर्व एका सुरात आपापल्या आजोबांची लाल सायकल आळवो लागले, आणि खालचा दुकानदार म्हणे, वर भजन चांगले चालते.

घरी सरावाचा सुभा सासूबाईसाहेबांनी आपल्याकडे घेतला. त्या हयातभर टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या. त्यांस इंग्रजी येई ते तेवढेच, परंतु जे येई ते खणखणीत, समोरचा उभा राहील ऐसे. भाजी निवडता निवडता त्या सवाल टाकीत आणि जावईबापू इस्त्री करता करता उत्तर देत. ऐसे कित्येक दिवस चालले. मग एके सकाळी सासूबाईसाहेबांनी शेंग हातात तशीच धरोन मराठीत पुसले,

“लाल सायकल आजोबांनी दिली म्हणता. तुमचे आजोबा तर तुमच्या जन्माआधीच गेले ना?”

“ते सरांचे आजोबा आहेत.”

“आणि सायकल?”

“तीही सरांचीच.”

“मग त्यात तुमचं काय आहे?”

“आवाज,” जावईबापू म्हणाले.

सासूबाईसाहेबांनी शेंग मोडली. “बरं, लाल नसू दे. कुठल्या रंगाची होती तुमची?”

येथे जावईबापूंची इस्त्री सदऱ्यावर थांबली आणि सदरा करपल्याचा वास सुटला. अखेर गुपित फुटले. जावईबापूंस सायकल येत नव्हती. कधीच आली नव्हती. लहानपणी घरात सायकल नव्हती, पुढे मित्र हसतील म्हणोन शिकले नाहीत, आणि मोठेपणी तर मनुष्याने सायकल येत नाही हे सांगावे तरी कोणास? लग्नाच्या नवलाईत त्यांनी कुटुंबासही थाप मारली होती की आपण एके काळी दोन्ही हात सोडून चालवीत होतो.

सासूबाईसाहेब हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. त्यांनी करपलेला सदरा उचलोन पाहिला आणि फर्मान काढिले, “उद्या सकाळी खाली या. जुनी पँट घालून या.”

दुसऱ्या दिवशी इमारतीमागील वाहनतळाच्या मैदानात मोहीम मांडली गेली. वॉचमनची सायकल रसद म्हणोन मागोन आणिली. काळी, उंच, घंटी सोडून बाकी सर्व अंगाने वाजणारी. जावईबापू आरूढ जाहले. सासूबाईसाहेबांनी पदर खोचला, गुडघ्याचे पट्टे घट्ट केले आणि मागील कॅरिअर दोन्ही हातांनी धरिला. वॉचमन बाकावर बसोन सल्ला देवो लागला, आणि गॅलऱ्यांतून रयत जमली.

“पुढे बघा! चाकाकडे काय बघताय?”

“सोडू नका हां, आई!”

“सोडत नाही. पायडल मारा!”

पहिल्या चढाईत घोडे डावीकडे कलले, दुसऱ्या चढाईत उजवीकडे, आणि तिसऱ्या चढाईत मात्र ते सरळ निघाले, परंतु सरळ म्हणजे कोठे, तर इमारतीच्या सेक्रेटरीसाहेबांनी पोटच्या पोरांप्रमाणे वाढविलेल्या कुंड्यांच्या रांगेवर. जावईबापूंस ब्रेक ठाऊक होता, परंतु तो कोणत्या हाताला आहे हे त्या समयी आठवेना. सासूबाईसाहेब मागे धावत होत्या आणि दिल्या शब्दास जागोन कॅरिअर सोडीत नव्हत्या. मग ऐसा आवाज जाहला की कबुतरे उडाली. कुंड्या फुटल्या, माती उधळली, आणि सासू, जावई आणि सायकल ऐसी तिघे शेवंतीच्या ताटव्यात एकावर एक पडली.

“लागलं का?” खालून सासूबाईसाहेबांचा आवाज आला.

“मला नाही. तुम्हाला?”

“मला काय विचारता, आधी माझ्या पायावरनं उठा!”

आणि मग सासूबाईसाहेब हसो लागल्या. कानाशी शेवंती, कपाळास माती, चष्मा एका काडीवर लोंबतो आहे, आणि त्या ऐशा हसल्या की वॉचमन घाबरोन पाणी आणावयास धावला. लेक विमानात बसली त्या दिवसापासोन ते हसू कोणी पाहिले नव्हते. जावईबापूही मातीत बसल्या जागी हसो लागले. सेक्रेटरीसाहेब निषेध नोंदवावयास वरून उतरले ते दोघांस पाहोन क्षणभर तसेच उभे राहिले, मग त्यांनीही मोडकी शेवंती उचलली आणि ती तरी घरात नेवोन पाण्यात ठेवा म्हणाले. नव्या कुंड्या भरोन देण्याच्या कराराने तह जाहला. सायकल मात्र जावईबापूंस आली नाही, ती नाहीच.

मग परीक्षेचा दिवस उजाडला. प्रतीक्षागृहात सरसाहेबांची सारी फौज खुर्च्यांवर हारीने बसली होती, प्रत्येकाचे डोळे मिटलेले, ओठ हलत, आणि त्या हलणाऱ्या ओठांतून तीच लाल सायकल अव्याहत धावत होती. एक एक वीर आत जाई आणि बाहेर येवोन अंगठा दाखवी. जावईबापूंच्या आधी निवृत्त सर्वेक्षक गेले. ते परतोन हळूच म्हणाले, “चंद्र सांगितला मी. दोनदा सांगितला.”

नाव पुकारिले. जावईबापू आत गेले, अदबीने बसले. परीक्षकबाईसाहेबांनी ओळखपत्र पाहिले, आवाज टिपोन घेणारे यंत्र सुरू केले आणि पहिलाच सवाल टाकिला की लहानपणी तुम्हांजवळ सायकल होती काय.

“येस मॅडम,” जावईबापूंनी तोफ डागली, “आय हॅड अ रेड बायसिकल. माय बिलव्हेड ग्रँडफादर...”

बाईसाहेबांनी लेखणी खाली ठेविली. त्या मान डोलवीत राहिल्या, परंतु त्यांचे मुख जावईबापूंनी पाहिले, आणि पाहताच ओळखिले. हे मुख त्यांनी हजारदा पाहिले होते. दोन मजल्यांमध्ये अडकलेल्या लिफ्टेत फार वेळ उभे राहिलेल्या मनुष्याचे हे मुख. ज्याने आरडाओरडा केला, घंटी दाबली, सर्व केले, आणि आता घंटी दाबणेही सोडले, ऐशाचे. सकाळपासोन ही बाई त्या लाल सायकलीच्या खोलीत कोंडली गेली आहे, हे त्यांच्या ध्यानी आले. आणि अडकलेले माणूस दिसल्यावर जावईबापूंच्याने गप्प बसवेना, तो त्यांचा स्वभावच नव्हे.

“सॉरी मॅडम,” ते म्हणाले. “नो रेड बायसिकल. नो ग्रँडफादर. ही डाइड बिफोर मी.”

बाईसाहेबांनी लेखणी उचलली.

तदनंतर जे रण माजले त्याचे वर्णन काय करावे! जावईबापूंनी खरे सांगावयास आरंभिला. आपणांस सायकल येत नाही, वय इतके जाहले, आणि याच महिन्यात सासूबाईंनी शिकवावयास घेतली, हे त्यांनी सांगितले. भूतकाळाची आघाडी पहिल्याच धडकेस मोडली आणि सर्व घटना वर्तमानकाळात शिरल्या; लहान लहान शब्द, जे नामाच्या पुढे भालदार चोपदारांसारखे चालतात, ते मैदान सोडोन पळाले; पुरुष आणि स्त्री यांची तर ऐसी सरमिसळ जाहली की सासूबाई कधी ‘ही’ होत, कधी ‘शी’, आणि कुंड्यांपाशी पोहोचेतो त्या पुरुष होवोन धावत होत्या. परंतु गोष्ट थांबली नाही. शब्द न मिळाला तेथे जावईबापूंनी हात दाखविले, हातांनी न भागले तेथे खुर्चीवरच डावे उजवे कलोन दाखविले. शेवंतीस इंग्रजीत काय म्हणतात हे न आठवोन त्यांनी तीस सेक्रेटरीचे पिवळे फूल म्हटले, आणि निभावोन नेले.

बाईसाहेबांनी नवा हल्ला केला की मोठ्या माणसांस सायकल शिकणे कठीण का पडते.

“बिकॉज मॅडम, चाइल्ड इज निअर टू ग्राउंड,” जावईबापू म्हणाले. “माय ग्राउंड इज फार.”

अखेरचा सवाल भवितव्याचा होता. पुढील काळात तुम्ही सायकल वापराल काय? सरसाहेबांच्या मजकुरात येथे पर्यावरण होते. जावईबापूंनी ते बाजूस ठेविले. मग, मोडक्या तोडक्या परंतु स्वतःच्या इंग्रजीत, ते म्हणाले ते ऐसे: मी चालविणार नाही, मी मागे धावणार आहे. माझी मुलगी दूर आहे, ती सायकल शिकते, आणि ती पडली तेव्हां मला वाटले ती नापास जाहली. दोन्ही शब्द मला एकच ऐको आले. ती रडत होती आणि मी भलतेच बोललो. आता मी रोज म्हणोन पाहतो. आणि त्यांनी दोन्ही शब्द, पडणे आणि नापास होणे, एकापुढे एक, सावकाश, निरनिराळे उच्चारोन दाखविले.

परीक्षकांनी हसो नये, शाबासकी देवो नये, ऐसा त्या खात्याचा सक्त नियम आहे, आणि बाईसाहेबांनी तो मोडला ऐसे कोणी म्हणो नये. त्यांनी फक्त चष्मा काढोन पुसला आणि वेळ संपल्याचे कळविले.

घरी येताच सासूबाईसाहेबांनी हकीकत पुसली. जावईबापूंनी सर्व सांगितले.

“म्हणजे मी पडले ते तुम्ही तिथे सांगितलंत?”

“हो. रेकॉर्ड पण झालं.”

सासूबाईसाहेब उठोन स्वयंपाकघरात गेल्या आणि भांडी नेहमीपेक्षा मोठ्याने वाजली. जेवतेवेळी मात्र त्यांनी हळूच पुसले, “पण मी कॅरिअर सोडला नाही, ते सांगितलंत की नाही?”

“तेच आधी सांगितलं,” जावईबापू म्हणाले. मग भाजी पुढे सरकली.

निकालाची खबर आली तेव्हां जावईबापू एका उंच इमारतीत लिफ्टेच्या टपावर बसले होते आणि आत माणसे अडकली होती. खिशात फोन थरथरला. त्यांनी वाचिले, पुन्हा वाचिले, आणि टपावरच ऐसी आरोळी ठोकली की आतील माणसांस दोर तुटला वाटोन त्यांनी रडावयास आरंभ केला. “घाबरू नका,” जावईबापू खाली वाकोन म्हणाले, “मी पास झालोय!” आतील एकाने संतापोन म्हटले की अभिनंदन, आता दार उघडा.

सर्वेक्षक आणि दोघे भाऊ परीक्षेत पडले. सरसाहेबांनी जावईबापूंची तसबीर तत्काळ भिंतीवर चढविली, खाली ‘आमच्या पद्धतीचे यश’ ऐसे लिहिले, आणि त्यांस बोलावोन सारा किस्सा काढोन घेतला. दुसऱ्या दिवसापासोन माडीवर नवा मजकूर सुरू जाहला. अविवाहित मुली आणि मिशी न फुटलेले तरुण एका सुरात सांगो लागले की आम्हांस आमच्या सासूने सायकल शिकविली आणि आम्ही पिवळ्या फुलांत पडलो. जावईबापूंनी परोपरीने सांगोन पाहिले की यात खरे तेवढेच कामास आले. सरसाहेब म्हणाले, “खरं राहू द्या. फूल पिवळंच म्हणायचं ना, ते सांगा.”

आता एकच पेच उरला. सामानाची बांधाबांध चालली असता जावईबापूंस घास गोड लागेना. सासूबाईसाहेब या घरात एकट्या राहणार, हे त्यांस कोणत्याही भाषेत बोलवेना. अखेर एके दुपारी धीर करोन ते म्हणाले, “आई, तुम्ही एकट्या कशा राहाल?”

“एकटी कशाला राहीन? धाकट्या बहिणीला कधीच कळवून टाकलंय. तुमची खोली तिला दिली.”

“कधी कळवलंत?”

“तुम्ही शेजाऱ्याला कुत्रा केलंत तेव्हाच,” त्या म्हणाल्या. “म्हटलं, आज ना उद्या पास होतीलच. किती दिवस नापास होणार माणूस?”

आणि खरोखरच, जावईबापूंची पेटी अजून बंद व्हावयाची होती तो धाकट्या मावशी ट्रंक, उशी आणि शिवणयंत्र घेवोन दाखल जाहल्या, आणि जावईबापूंचे सदरे कपाटातून उचलोन पलंगावर ठेवीत म्हणाल्या, “तुमचं चालू द्या, माझी काही घाई नाही.”

येणेप्रमाणे ही मोहीम फत्ते जाहली. खर्ची पडले ते ऐसे: सेक्रेटरीसाहेबांच्या कुंड्या, एक सदरा, एक जुनी पँट आणि सासूबाईसाहेबांचा डावा गुडघा, जो पावसाळी हवेत अद्याप कुरकुरतो. जावईबापू भर दुपारच्या विमानाने स्वार होवोन गेले. दारातून निरोप देताना सासूबाईसाहेबांनी पोहोचल्यावर कळवा एवढेच म्हटले आणि दार लावोन घेतले. विमान उतरल्याची खबर येईतो त्या फोन मांडीवर घेवोन बसल्या होत्या, जेवल्या नाहीत, आणि त्यांनी मध्येच दोनदा फोन चालू आहे की नाही हे पाहावयास धाकट्या मावशींस खालून फोन लावावयास पाठविले, ऐसे धाकट्या मावशींचे सांगणे आहे. सासूबाईसाहेबांस पुसता त्यांनी साफ इन्कार केला, आणि ही ओळ खोडोन टाकावी ऐसा हुकूम दिला. बाकी सर्व हुकूम शिरसावंद्य. हा एवढा अमलात आला नाही.